झोल

घाटंजीच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, पॅनकार्ड, पोलीस भरतीचे फॉर्म,
आणि पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी,
लेतूजी मडावी.
मोजणी खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढलेला माणूस,
अजून चालताना ओठांत पावलं मोजतो.

"मस्कत ते डब्लिन," तो म्हणाला.
चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, नातवाच्या अक्षरात.
"किती पडते?"

मी टाकलं.
सहा हजार दोनशे पन्नास किलोमीटर, हवेतून.
उडणं साडेसात तास, सरळ गेलं तर.
जयवंताचं तिकीट सरळ नव्हतं.
मधे पाच तास बसून राहायचं, तिसऱ्याच देशात, बाकावर,
मग नव्या दवाखान्याच्या गावाला.
"अन् घड्याळ तीन तास मागे घ्यायचं," मी सांगितलं.
"म्हंजे तीन तास वाचले?"
नाही, म्हणालो.
का नाही, ते मात्र मला सांगता येईना.

त्याने बोटांच्या पेरांवर हिशेब केला.
पन्नास साखळ्यांचा किलोमीटर.
तीन लाख साडेबारा हजार साखळ्या.
"दिवसाले दोनशे ओढो आमी, धुरा साफ असला तं.
सव्वाचार वर्सं. रविवार धरून."

मग स्क्रीनवर बोट ठेवलं.
मस्कतहून निघालेली निळी रेघ
पोट काढून वर चढत होती, डब्लिनला उतरत होती.
"याले झोल हाये.
साखळीले झोल आला का वावर वाढते.
कोनं मोजलं हे?"

मी पृथ्वी गोल आहे वगैरे सुरू केलं.
त्याने ऐकून घेतलं, तहसीलदाराचं ऐकून घेतात तसं.
शेवटी बाजूच्या गाडीवरून एक कोहळं आणलं,
नीलकंठ टेलरकडून हातभर दोरा,
दोन टाचण्या. हे मस्कत. हे डब्लिन.
दोरा त्यानेच ताणला.
अंगठ्याखाली तो हलला, सरकला,
जरा वर घसरला
आणि एका जागी घट्ट बसला.
"हौ," लेतूजी म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मागून एक पोरगा: "दादा, माझं आधार..."

"मधात आपलं गाव येते का?"
"नाही. आपण पार इकडे, देठाच्या बाजूला."
मला वाटलं, त्याला लागेल.
"बरं हाये," तो म्हणाला.
"लोकायच्या मोजणीची रेघ आपल्या वावरातून गेली
का भांडन होते."

प्रिंटचे दहा दिले, कोहळ्याचे तीस.
टाचण्या तशाच राहू दिल्या.
पायरी उतरताना थांबला, कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला:
"साखळीले दोघं लागते.
एक झेंडी घेऊन पुढं जाते.
दुसरा मांगं राह्यते, कडं धरून.
साहेब आवाज देत नाही तवरोक
त्यानं हलाचं नाही, मुंगी चावो का काटा रुतो.
मी मांगचा होतो."

शनिवारी रात्री दुकान बंद करताना
आभाळातून एक लाल टिकली लुकलुकत गेली,
दक्षिणेकडे, चुकीच्याच दिशेने.
मी उगाच घड्याळ पाहिलं.
साडेचार तास वजा केले, मग परत मिळवले.

पोळा झाला. बैलांचे रंग दुसऱ्या दिवशी पावसाने उतरले.
मंगळवारी लेतूजी आला, हातात स्टीलचा डबा.
बायको सणाला कोहळं चिरायला निघाली होती म्हणे,
यानेच विळा लपवला.
फोन आला तेव्हा कुठे भाजी शिजली.
मस्कत नातवाने खाल्लं.

"डब्लिनाकडची फोड हाये," तो म्हणाला,
झाकण काढून डबा माझ्या कीबोर्डवरच ठेवत.
"पाह्य बरं, गोड निघाली का."